पाण्यातली खुर्ची

कसबा पेठेतल्या सिराज फ्रेमवाल्याला काम सांगितलं आणि ते झालं नाही, असं कधी होत नसे. वेळेवर होत नसे, ते वेगळं. काच, पट्टी, माउंट ही रोजची कामं, ती काय कोणीही करतं. सिराजचं खरं नाव होतं टचिंगसाठी. म्हणजे असं, की घरातलं माणूस जायचं आणि मग सगळ्यांच्या लक्षात यायचं, अरेच्चा, यांचा धड एक फोटो नाही! मग लोक लग्नाच्या ग्रुपफोटोतलं चिंचोक्याएवढं डोकं घेऊन यायचे, नाहीतर सरळ शेवटचा काढलेला, नाकात कापूस घातलेला. सिराज तो मोठा करून आणायचा आणि ब्रश घेऊन बसायचा. कापूस काढायचा. मिटलेले डोळे उघडायचा. टोपी हवी तर टोपी, फेटा हवा तर फेटा. जन्मात कधी एका फोटोत न आलेले नवरा-बायको शेजारी शेजारी बसवायचा, आणि बाईचा पदर असा काढायचा की तिनं तो आत्ताच सावरलाय असं वाटावं. लोक रडत रडत घेऊन जायचे आणि वर दुवा द्यायचे. आता अशा माणसाला, सांगा बरं, कोणी शिकवावं की चित्रातलं काही बदलणं हा गुन्हा असतो म्हणून?

पण शिकवलं होतं. सरांनीच शिकवलं होतं. म्हणून तर पुढचं सगळं सांगायची वेळ आली.

धोंडिबा रणपिसे सर म्हणजे महापालिकेच्या शाळेतले त्याचे ड्रॉइंगचे मास्तर. सिराजच्या हातात पहिला ब्रश त्यांनी दिला आणि दहा वर्षांच्या सिराजला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की दुसऱ्याच्या कागदावर हात मारायचा नाही. बाकी वर्गाला ते पट्टीनं सरळ करायचे, पण सिराजला कधी बोट लावलं नाही. शाळा सुटल्याला पंचवीस वर्षं झाली तरी सर रस्त्यात दिसले की सिराज दुकान टाकून धावायचा. ‘जयभीम, सर.’ ‘सलाम, सिराज. फ्रेमा वाकड्या करतोस की सरळ?’ हे ठरलेलं.

तर दोन हजार दोन सालच्या जानेवारीत एका सकाळी सर विश्रांतवाडीहून रिक्षा करून आले. सर रिक्षा करून आले म्हणजे काहीतरी खास असणार, कारण हा माणूस दोन बसथांबे पायी चालणारा. बरोबर चादरीत गुंडाळलेलं, जवळजवळ दाराएवढं एक चित्र.

‘याला चौकट कर,’ सर म्हणाले. ‘आणि मग लाव कुठंतरी.’

‘कुठंतरी म्हणजे कुठं, सर?’

‘जिथं माणसं असतील तिथं. माझ्या घरी आता ते फक्त समोरच्या भिंतीला दिसतं.’

सरांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. उरलेली म्हणजे उजेड आणि अंधार, आणि जवळ आलं तर माणसाचा आकार. हे सरांनी असं सांगितलं की जणू शाळेला सुट्टी लागल्याची नोटीस वाचताहेत. सिराजनं चादर सोडली.

समुद्र होता. पण आपण कॅलेंडरवर बघतो तसला नव्हे. नारळ नाही, सूर्य नाही, क्षितिजाची रेघसुद्धा नाही. पाटीच्या रंगाचं पाणी वर वर जात कुठंतरी आभाळ झालं होतं, आणि ते नक्की कुठं झालं हे बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. मध्येच एक फिकट पिवळा पट्टा. पहाट म्हणावी तर पहाट, संध्याकाळ म्हणावी तर संध्याकाळ. आणि पुढं, घोटाभर पाण्यात, एक वेताची खुर्ची. आपल्याकडं पाठ करून, समुद्राकडं तोंड करून ठेवलेली. रिकामी. तिची वेताची वीण मधोमध जराशी खाली दबलेली होती, कोणीतरी नुकतंच उठून गेल्यावर दबलेली राहते तशी. पायांभोवती पाण्याची बारीक वळी. बस. एवढंच चित्र. पण ते बघायला सिराज दोन पावलं मागं सरला. इतकं सुंदर होतं आणि इतकं उदास होतं, की कुठल्या कारणानं डोळे भरून आले हे त्याचं त्यालाच कळेना.

‘सर, हे कधी काढलंत?’

‘चौऱ्याण्णवला. मुक्ताई गेल्यावर.’

मग सरांनी स्टुलावर बसून सांगितलं. मुक्ताईकाकू सिराजला चांगल्या माहीत. शाळेत डबा घेऊन यायच्या, त्यातलं अर्धं सर आणि अर्धं वर्गातली चार पोरं खायची. त्या बाईला एकच हौस होती, समुद्र बघायचा. लग्नात सर म्हणाले होते, दिवाळीत जाऊ. मग दिवाळी गेली. मे महिन्यात जाऊ, तर जनगणनेचं काम आलं. पुढच्या मेमध्ये मतदारयाद्या. मग परीक्षेचे कागद, मग निवडणूक. प्राथमिक शाळेच्या मास्तरला सरकार कशाकशाला जुंपतं, ते मास्तरलाच विचारा. अशी चोवीस वर्षं गेली. इथून अलिबाग किती लांब? पण चोवीस वर्षांत जमलं नाही. शेवटच्या वर्षी काकू दुखण्यानं खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीतच बसून असायच्या. बाहेर आळंदी रस्ता, त्यावर रात्रंदिवस ट्रक. एकदा त्या म्हणाल्या, ‘अहो, डोळे मिटून ऐकलं ना, की समुद्रच वाटतो बघा.’

‘तिला नेता आलं नाही,’ सर म्हणाले. ‘म्हणून तिची खुर्ची नेली. तिकडं युरोपात शंभर वर्षांपूर्वी काही चित्रकार होते, सिराज. त्यांचा समुद्र म्हणजे पाणी नव्हे. जे तोंडानं सांगता येत नाही ते ठेवायला त्यांना जागा लागायची, आणि समुद्राएवढी मोकळी जागा दुसरी नाही. प्रतीकवादी म्हणतात त्यांना. तू नाव लक्षात ठेवू नकोस, परीक्षेला येणार नाही.’

सिराज हसला आणि त्यानं शब्द दिला. म्हणाला, ‘सर, असं लावतो की शंभर माणसं रोज बघतील.’ आणि शिसवी रंगाची पट्टी, साधी, नक्षी नसलेली, लावून त्यानं चौकट केली. काम झोकात झालं होतं, त्यात वाद नाही.

आता शंभर माणसं कुठं मिळणार? तर ती चालत दुकानात आली. बाणेरकडं एक सॉफ्टवेअर कंपनी होती, तिथल्या ॲडमिनच्या पायल मॅडम. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, बोलणं अर्धं मराठी आणि अर्धं त्यांच्या ऑफिसचं. त्या ‘टीमवर्क’ आणि ‘एक्सलन्स’ लिहिलेली गरुडांची पोस्टरं फ्रेम करायला घेऊन आल्या होत्या. भिंतीला टेकवलेलं चित्र त्यांनी पाहिलं आणि तोंडातलं वाक्य अर्धवट राहिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘ओ माय गॉड. काका, हे कोणाचं आहे? आमच्या रिसेप्शनचा सोफा एक्झॅक्टली ह्याच ग्रेमध्ये आहे!’

असो. कोणाला कशानं काय आवडतं, आपण कोण बोलणारे. सरांना चित्र विकायचं नव्हतं, नुसतं लावायचं होतं, आणि कंपनीला त्या वर्षी खर्चाला हात आखडता घ्यायचा होता. दोन्ही बाजूंचं जमलं आणि चित्र बाणेरला गेलं. महिन्याभरानं नव्या रिसेप्शनचं उद्घाटन होतं, चित्रकार म्हणून सरांना आमंत्रण आलं. सरांनी विश्रांतवाडीत दूधवाल्यापासून विहारातल्या मंडळींपर्यंत सगळ्यांना सांगितलं आणि लग्नातला कोट इस्त्रीला दिला.

आणि उद्घाटनाला तीन दिवस उरले असताना पायलचा फोन आला.

‘काका, एक प्रॉब्लेम आहे. ती चेअर. आमचे सर म्हणतायत, ती चालणार नाही.’

‘का बरं?’

पायल जरा घुटमळली. मग तिनं सांगितलं. त्या महिन्यात कंपनीनं चोपन्न जणांना घरी बसवलं होतं. अमेरिकेतली कामं बंद झाली होती, मुलं रिकामी बसून होती, एका शुक्रवारी त्यांना एकेक करून आत बोलावलं आणि ओळखपत्रं काढून घेतली. उरलेले रोज सकाळी शेजारच्या रिकाम्या खुर्च्या बघत काम करत होते. आणि आता दारातून आत शिरल्या शिरल्या समोर पुरुषभर उंचीच्या चित्रात रिकामी खुर्ची? साहेब म्हणाले, एक तर खुर्ची जाईल, नाहीतर चित्र.

‘तिथं एक शिडाची बोट टाका ना, काका. छोटीशी. आपल्याकडं येणारी. पॉझिटिव्ह वाटेल. तुम्हाला जमतं ना असं, तुम्हीच म्हणाला होतात.’

आता इथं सिराजनं ‘चित्र परत पाठवा’ म्हणायला हवं होतं. चार शब्दही नाहीत. पण सरांचा इस्त्रीचा कोट त्याच्या डोळ्यांपुढं आला. आता त्यांना काय सांगायचं, की तुमचं चित्र नको म्हणाले? त्या माणसाचा जीव जाईल, असं तो स्वतःला म्हणाला. हे खरं होतं. पण सगळंच खरं नव्हतं. कंपनीच्या तीन मजल्यांचं फ्रेमिंग मिळणार होतं, तो लोभही होता. आणि खोटं कशाला बोला, अजून एक होतं. वर्ष-दोन वर्षांत कॉम्प्युटरवाल्यांनी टचिंगचं काम पार बुडवलं होतं. दहा मिनिटांत डोळे उघडून देत होते लेकाचे. सिराजचे ब्रश डब्यात वाळत पडले होते, आणि ‘तुम्हाला जमतं ना’ म्हणणारं बऱ्याच दिवसांत कोणी भेटलं नव्हतं.

तो दुपारी बाणेरला गेला. रंगाच्या नळ्या, टर्पेंटाइन, चिंधी आणि बारीक पॉलिशपेपर घेऊन. दुसरा कोणी असता तर त्यानं खुर्चीवर नुसता रंग फासला असता, आणि तो रंग पुढं कधीतरी पुसून खुर्ची परत वर आणता आली असती. पण सिराजचं काम पक्कं. सरांनी वेताची वीण जाड रंगात, सुरीच्या टोकानं उचलून काढली होती. वरून नुसता रंग दिला तर बाजूनं उजेड पडल्यावर खालची खुर्ची उठून दिसणार. म्हणून त्यानं आधी पॉलिशपेपरनं ती घासून सपाट केली. वेताची पिवळट पूड त्याच्या बोटांना लागली, पॅन्टवर पडली. मग पाणी भरलं, सरांच्याच रंगात रंग मिसळून, आणि मग एक पांढऱ्या शिडाची होडी काढली. सगळं मिळून पाऊण तास लागला. लांब उभं राहून पाहिलं तर कुठं सांधा दिसत नव्हता. पायल म्हणाली, ‘वॉव, काका!’ आणि सिराजला, देव त्याला माफ करो, क्षणभर बरं वाटलं.

घरी जाऊन हात धुताना मात्र नखातली पूड निघेना. जरीना, त्याची बायको, म्हणाली, ‘कुठला रंग खरवडलात एवढा?’ सिराज म्हणाला, ‘जुनी फ्रेम होती.’ इथून खोटं सुरू झालं.

उद्घाटनाला तो सरांना विश्रांतवाडीहून घेऊन गेला. सरांनी त्याचा दंड धरला होता. आत गार हवा, चकचकीत फरशी, गळ्यात पट्टे अडकवलेली तरणी पोरं. साहेबांनी सरांना पुष्पगुच्छ दिला. सर चित्रापुढं उभे राहिले. त्यांना काय दिसलं असेल? एक काळसर चौकोन आणि त्यात कुठंतरी जरा उजेड. ते बराच वेळ तसेच उभे होते, आणि मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं,

‘सिराज, खुर्ची दिसते ना इथून?’

इथं तरी सांगता आलं असतं. बाजूला घेऊन, कानात. पण भोवती माणसं, हातात पुष्पगुच्छ, अंगात तो कोट.

‘दिसते, सर.’

‘उजेड पडतो का तिच्यावर नीट?’

‘पडतो, सर. छान पडतो.’

पायल शेजारीच होती. तिच्याकडं आवाजाच्या अंदाजानं वळून सर म्हणाले, ‘माझ्या मिसेसची आहे हो ती खुर्ची. तिला समुद्र बघायचा होता. मी काही नेलं नाही. आता तुमच्याकडं बसून बघेल.’ पायलनं चित्राकडं पाहिलं, होडीकडं पाहिलं, मग सिराजकडं. तिचा चेहरा उतरला. सिराजनं सरांच्या पाठीमागून तिला हात जोडले. ती कशीबशी म्हणाली, ‘हो काका. खूप छान दिसते.’ म्हणजे एका परक्या पोरीलाही यानं आपल्या पापात ओढलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, आणि त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. ‘ती त्यांच्या बायकोची होती हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? मी भांडले असते साहेबांशी.’

एवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ ठीक. पण सर दर गुरुवारी दुकानात यायला लागले. काठी टेकत, विचारत विचारत यायचे, स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, ‘मग? गेला होतास का बाणेरला? काय म्हणतात लोक?’

फ्रेमिंगचं काम चालू होतं, त्यामुळं सिराज जातच होता. गेला की मान खाली घालून रिसेप्शनमधून सरळ जिन्याकडं पळायचा. आणि इकडं येऊन सरांना सांगायचा. पहिल्या गुरुवारी त्यानं नुसतं ‘आवडलं सगळ्यांना’ म्हटलं. सरांचा चेहरा इतका खुलला, की पुढच्या गुरुवारी त्यानं एक मुलगा तयार केला. अनिरुद्ध नावाचा. रोज सकाळी आत येताना खुर्चीपुढं मिनिटभर थांबतो म्हणून. सरांनी विचारलं, ‘कुठला आहे?’ मग त्याला सातारचा केला. तिसऱ्या गुरुवारी झाडलोट करणारी एक बाई आली, सोजरबाई, जी फरशी पुसता पुसता खुर्ची बघून रडली, कारण तिची आई अशाच खुर्चीत बसायची. सर ऐकता ऐकता पुढं झुकायचे. ‘रडली? खरंच?’ ‘खरंच, सर.’ मिटलेले डोळे उघडणाऱ्या माणसाला अशी माणसं उभी करायला काय वेळ लागतो? पण सर गेले की त्याला दुकानात बसवेना. जेवण जाईना. एकदा जुम्म्याच्या नमाजाला उभा राहिला तर मनात सोजरबाईचं पुढं काय करायचं हाच विचार. त्याची त्यालाच किळस आली.

सिराजचं घर दुकानामागच्या खोलीतच, जरीनाला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. तिनं चौथ्या गुरुवारी रात्रीची ताटं वाढताना त्याला सरळच विचारलं आणि त्यानं सगळं ओकलं. ती काही आरडाओरडा करणारी बाई नव्हे. तिनं फक्त भाताचं भांडं खाली ठेवलं.

‘खुर्ची पुसली ती एकदा पुसली,’ ती म्हणाली. ‘पण त्या म्हाताऱ्याला दर गुरुवारी बसवून गंमत करताय त्याचं काय?’

‘गंमत नाही गं. त्यांना बरं वाटतं म्हणून…’

‘कोणाला बरं वाटतं, ते तुमचं तुम्ही बघा.’ आणि ती आत निघून गेली.

पाचव्या गुरुवारी सर आले ते खिशातून कागद काढूनच. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत, न दिसता लिहिलेला.

‘त्या चित्राला मी नाव दिलं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘पण तो सातारचा मुलगा, ती बाई, यांना कळायला हवं ना, कोणाची खुर्ची ती. पितळेची छोटी पट्टी कर. इथं तांबट आळीत कोणीही अक्षरं कोरून देईल. “मुक्ताईची खुर्ची” एवढंच. माझं नाव नको. आणि पुढच्या आठवड्यात मला घेऊन चल, मी स्वतः तिच्याखाली लावतो. खिळा तू ठोक.’

सिराजनं कागद हातात घेतला. वरची दोन अक्षरं एकावर एक चढली होती. तेवढ्यात जरीना चहाचे कप घेऊन बाहेर आली, एक सरांच्या हाताला लावून दिला आणि म्हणाली, ‘सर, यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय.’ आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

‘सांग की,’ सर म्हणाले.

‘सर, खुर्ची नाही.’

‘कुठं नाही?’

‘चित्रात. मी काढून टाकली. कंपनीवाले नको म्हणाले. मीच काढली, सर, माझ्या हातानं. घासून.’

शेजारच्या आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडत होती, ती तेवढी ऐकू येत राहिली. सरांचा कप तोंडाशी गेला होता तो त्यांनी परत बशीत ठेवला. मग त्यांनी विचारलं, अगदी शाळेत वही तपासताना विचारायचे त्या आवाजात,

‘तिच्या जागी काय काढलंस?’

‘होडी. पांढरं शीड आहे.’

‘पाण्यात सावली दिलीस तिची?’

‘दिली, सर.’

‘रंग मिळाला पाण्याचा?’

‘मिळाला. कळत नाही.’

‘हं,’ सर म्हणाले. ‘हात चांगलाच होता तुझा पहिल्यापासून.’

सिराजला वाटलं, यापेक्षा यांनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. तो रडायला लागला. चाळीस वर्षांचा बाप्या, भर दुकानात, समोरून माणसं जाताहेत, आणि हा लहान पोरासारखा रडतोय. ‘सर, मी परत काढतो. तुम्ही सांगा, मी तशीच्या तशी काढतो. त्यांना नको तर तिथून उचलून आणतो, घरी आणून काढतो.’

‘तशीच्या तशी म्हणजे कशी? तू बसला होतास का कधी तिच्या शेजारी?’

सरांच्या कपाळावर आठी पडली, ते काहीतरी जुळवत होते.

‘हे तू केव्हा केलंस? उद्घाटनाच्या आधी की नंतर?’

‘आधी. तीन दिवस आधी.’

‘म्हणजे मी तुला विचारलं तेव्हा ती नव्हती.’

‘नव्हती, सर.’

‘आणि तो मुलगा? अनिरुद्ध?’

‘असा कोणी मुलगा नाही.’

‘सोजरबाई?’

सिराजनं मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं की मान हलवलेली सरांना दिसणार नाही, आणि त्याला तोंडानं म्हणावं लागलं, ‘तीही नाही, सर.’

सरांच्या चेहऱ्यावर इतका वेळ काही नव्हतं. सोजरबाई नाही म्हटल्यावर मात्र तो पडला. ‘मी तिच्यासाठी झुरलो रे दोन दिवस,’ ते म्हणाले. ‘घरी जाऊन मुक्ताईच्या फोटोला सांगितलं, बाई, तुझ्यासाठी कोणीतरी रडलं.’ मग त्यांनी काठी चाचपली. ‘खुर्चीचं राहू दे. मी तरी कुठं नेली होती तिला? पण मला दिसत नाही म्हणून मी तुझा हात धरून गेलो होतो, सिराज. मला काय दिसतंय ते तू सांगायचं होतंस.’

‘चुकलं, सर.’

‘हो, चुकलं,’ सर म्हणाले. राग नव्हता आवाजात. चहा त्यांनी सगळा प्यायला, जरीनाला आतल्या दाराशी हाक मारून चहा चांगला झाला होता म्हणून सांगितलं, आणि निघाले. तो कागद तिथंच फळीवर राहिला. मागायला ते थांबले नाहीत आणि द्यायची सिराजची हिंमत झाली नाही.

तो त्यांच्या मागोमाग निघाला. सरांनी नको म्हटलं नाही. नव्या पुलावरून दोघं मनपाच्या थांब्यापर्यंत चालत गेले. दंड मात्र सरांनी धरला नाही, काठी टेकत कडेकडेनं चालले. थांब्यावर संध्याकाळची गर्दी होती. एकामागून एक बसगाड्या यायच्या, लोक पाट्या वाचून धावायचे, सर आवाजाकडं तोंड करून शांत उभे होते. सिराज चवड्यांवर उभा राहून प्रत्येक पाटी वाचत होता. निदान एवढं तरी, असं त्याला वाटत होतं.

मग एक बस आली. त्यानं पाटी एकदा वाचली, पुन्हा एकदा नीट वाचली.

‘सर, ही विश्रांतवाडीची. चला, जागा आहे पुढं.’

सरांनी मान डोलावली. पण पाय उचलला नाही. ते डावीकडं वळले, तिथं कॉलेजची एक मुलगी पुस्तकं छातीशी धरून उभी होती, आणि नेहमीच्या अदबीनं तिला म्हणाले, ‘अहो ताई, जरा बघून सांगता का, ही बस कुठली आहे?’

तिनं पाटीकडं पाहिलं. ‘विश्रांतवाडीची आहे, आजोबा.’

‘आभारी आहे,’ सर म्हणाले, आणि मग बसमध्ये चढले.